पाणाड्याची काठी, पाणाड्याची नजर

बेळगुंदीतल्या आमच्या शेतात दोन वर्षांपूर्वी बोअर मारली. पाणाड्यानं उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरून सगळं रान पालथं घातलं. एका जागी बेचकी खाली झुकली. बाबांनी क्रूसाची खूण केली आणि मशीन सुरू झालं. वर आला तो नुसता धुरळा. कर्ज अजून फिटतंय. आजी मात्र म्हणते, "माणूस खोटा नव्हता गं, काठी खरंच वळली."

आजीचं बरोबर आहे. बेचकी ताणून धरली की तिचा तोल इतका नाजूक होतो, की मनगट जरासं फिरलं तरी टोक झपकन खाली जातं. 'इथं पाणी असेल' असं मनात आलं, की स्नायू आपल्या नकळत हलतात. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये या क्रियेला 'आयडिओमोटर' असं नाव दिलं. म्हणजे काठी वळते, पण वळवतो आपलाच हात.

मग काठीला पाणी कळतं का? जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये एका कोठारात हे तपासलं. खाली पाण्याचा पाइप सरकवायचा, वरच्या मजल्यावरच्या पाणाड्यानं जागा सांगायची. निवडक ४३ जणांच्या ८४३ चाचण्या झाल्या. बहुतेकांचं उत्तर अंदाजापलीकडे गेलं नाही. मोजके जण यशस्वी वाटले होते; पण जिम एनराइट यांनी आकडे पुन्हा तपासले, तेव्हा तेही योगायोगासारखंच दिसलं.

खाणींतही हाच वाद होता. खनिज शोधायला काठी वापरतात, हे अ‍ॅग्रिकोला यांनी १५५६ च्या ग्रंथात नोंदवलं; पण जाणत्या खाणकामगारानं जमिनीच्याच खुणा वाचाव्यात, असं त्यांचं मत होतं.

आपल्याकडे सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त भूजलावर 'दकार्गल' नावाचा अध्याय आहे. त्याचा भर झाडं, वारुळं, माती आणि दगड यांवर आहे. जांभळाच्या पूर्वेला जवळ वारूळ असेल, तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी, असं तो सांगतो. त्यातलं सगळंच खरं ठरेल असं नाही, पण वाळवीला ओल लागते, हे खरं. जुन्या पाणाड्याचं यश काठीत कमी आणि अशा नजरेत जास्त असावं.

पण ती नजर उथळ विहिरीपुरती. बोअर शेकडो फूट कठीण खडकात जाते; तिथं पाणी भेगांत असतं, आणि ते वारूळ सांगत नाही. म्हणून भूजलतज्ज्ञ आजूबाजूच्या विहिरी बघतात, जमिनीत वीज सोडून खडकाचा विरोध मोजतात. ओल्या, भेगाळ खडकातून वीज सहज जाते, कोरड्या अखंड खडकातून नाही. याचीही हमी नसते, पण चूक कुठं झाली ते नंतर शोधता येतं.

आमच्या बोअरची खोली मी वहीत लिहून ठेवली आहे. शेजारी कुणी बोअर मारायला निघालं, तर आधी ती वही दाखवणार.