मुलाचं मन कुणाच्या हाती देताय?

लेक नववीत होती. सकाळी साडेसहाला तिच्या पोटात कळ यायची. युनिफॉर्म चढवलेला, वेण्या घातलेल्या, आणि ही बाथरूमच्या दाराशी पोट धरून उकिडवी बसलेली. दहा वाजेपर्यंत दुखणं ओसरायचं, रविवारी नावालाही नसायचं. "शाळा बुडवायची नाटकं," असं घरात कुणीतरी म्हणालंच. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, पोटात दोष नाही. पण दुखतंय ते खरंच दुखतंय. ती खोटं बोलत नाही."

हे प्रत्येक आईबापाने लक्षात ठेवावं. चिंता वाढली की पोटात खरोखर मुरडा येतो, मळमळतं, छाती धडधडते. मुलांना जे शब्दांत सांगता येत नाही, ते बरेचदा आधी शरीरातून बाहेर पडतं.

डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो शब्दच नको होता. त्यातच क्लासमधल्या ओळखीने एका केंद्राचं नाव पुढे आलं. तिथे दहाही बोटांचे ठसे स्कॅनरवर घेतले आणि काही दिवसांनी एक जाडजूड रंगीत रिपोर्ट हातात ठेवला. डावा मेंदू इतका टक्के, उजवा तितका, 'भावनिक क्षमता कमी', 'लोकांसमोर बोलण्याचं क्षेत्र टाळावं'. या चाचणीला डीएमआयटी म्हणतात. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. मुलाला भीती कशाची वाटते, ते उदास का आहे, हे त्या रेषांतून कळत नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं मानसोपचारतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, स्पष्ट सांगितलेलं आहे.

पैसे गेले त्याचं मला फार वाटत नाही. त्या रात्री लेक रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाली, "आई, हे माझ्या बोटांतच आहे. मी आता बदलणार नाही." घाबरलेल्या मुलीला आधी सांगायला हवं होतं की भीती कमी होते. तिच्या हातात पडला तो कायमचा शिक्का.

तिथल्या समुपदेशकांनी दुसरी इजा केली. तिने एकटीने, विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांनी दार उघडून आमच्यासमोर बोलून दाखवली, तीही तिच्या समोरच. पुढे कितीतरी दिवस ती कुणाशीच नीट बोलली नाही.

शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच चिठ्ठी देऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या बाईंनी पहिल्याच भेटीत आम्हा तिघांना समोर बसवून नियम सांगितला : "तू मला जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. तुझ्या जिवाला धोका आहे किंवा तुला कुणी त्रास देतंय असं वाटलं, तरच मी आईबाबांना सांगेन, आणि सांगण्याआधी तुला कळवेन." मग आम्हाला बाहेर पाठवलं. लेक बोलती झाली. इंग्रजीच्या तासाला उभं राहून धडा वाचताना ती अडखळायची, वर्ग हसायचा. त्या हसण्याची धास्ती आदल्या रात्रीपासून बसायची.

औषध लागलं नाही. काही मुलांना लागतं, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेण्यात काही वावगं नाही. मात्र ते मनाने सुरू करू नये आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नये. आमच्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी पायऱ्या आखल्या. आधी नुसतं शाळेच्या फाटकापर्यंत. मग एक तास वर्गात. मग मैत्रिणीसोबत दोन ओळी वाचायच्या. वर्गशिक्षिकांना विश्वासात घेतलं, त्यांनी हसणं थांबवलं. पोट दुखलं की घरी ठेवायचं, हे सायकॉलॉजिस्टनी आम्हाला हळूहळू सोडायला लावलं. घरी राहिलं की लगेच हायसं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेची भीती आणखी मोठी होते. हे ऐकायला कठोर वाटतं, पण फरक पडला तो इथेच.

हे सगळं तिला विचारूनच लिहिते आहे.

म्हणून सांगते, मुलाला कुणाकडे नेण्याआधी शिक्षण विचारा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर. औषध तेच देतात, आणि त्यांची नोंदणी मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, त्यांच्याकडे नोंदणी क्रमांक मागा. समुपदेशकांतही उत्तम माणसं आहेत. पण ती पाटी लावणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण सारखं नसतं, तेव्हा काय शिकलात, कुणाच्या हाताखाली काम केलंत, हे विचारायला संकोचू नका. मुलाने सांगितलेलं गुप्त राहील का, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही. आणि मुलाशी पुरेसं न बोलता बोटांचे ठसे, हस्ताक्षर किंवा जन्मतारीख पाहून निदान सांगणारा भेटला, तर उठून या.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबू नका. झोप-जेवण पार बिघडणं, आवडीच्या गोष्टीही सुटणं, अंगावर कापल्याच्या खुणा, 'मी नसलेलीच बरी' अशी भाषा. मरणाबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात तो विचार घुसेल, या भीतीने पालक गप्प बसतात. तसं होत नाही. शांतपणे, सरळ विचारा. उत्तर 'हो' आलं तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभागाची चौकशी करा. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारची टेलि-मानस सेवा आहेच : क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा क्रमांक तुमच्या मोबाइलमध्ये आणि मुलाच्याही मोबाइलमध्ये आजच नोंदवून ठेवा.