पंप खालीच का बसवतात?

सख्यांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणींचं कुणी ना कुणी परळ-लालबागला असतंच. तिथे गेलात की इमारतीच्या खाली बघा. पालिकेचं पाणी ठरल्या वेळी तळटाकीत येतं, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. मग पंप गच्चीवरच का नाही बसवत?

कारण पंप पाणी उंच ढकलतो, पण खालून फार ओढू शकत नाही. हवेच्या दाबाने पाणी जेमतेम १० मीटर वर येतं. प्रत्यक्षात ६-७ मीटरच धरायचं. म्हणूनच आपल्या खोल बोअरला पाणबुडी मोटर थेट पाण्यात सोडतात.

मोटर बिघडली की मिस्त्री येईपर्यंत हंडे कोण वाहतं? आपणच ना! मग हे काम आपणच शिकूया.

१. दहावी पास असाल तर आयटीआयमध्ये 'पंप ऑपरेटर कम मेकॅनिक' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. परीक्षा पास झालं की राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. सगळ्या आयटीआयत हा ट्रेड नसतो, आधी चौकशी करा.

२. काम येतं पण कागद नाही? हातातलं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोयही सरकारी कौशल्य योजनेत आहे. तिला 'आरपीएल' म्हणतात. तालुक्याला विचारा.

३. पहिला धडा आजच पाठ करा: मेन स्विच बंद करून फ्यूज काढल्याशिवाय मोटरला हात लावायचा नाही.

गृहपाठ: दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीचं पाणी किती खोल आहे ते मोजा. पुढच्या बैठकीत वहीत लिहूया.