तालुका वार्ताहर आणि गावाचा रोष

तालुक्याच्या ठिकाणी राहून एखाद्या दैनिकास मानधनावर बातम्या पाठविणाऱ्या बातमीदारास वार्ताहर किंवा तालुका प्रतिनिधी म्हणतात, आणि त्याच्यावर होणाऱ्या टीकेचे स्वरूप महानगरातील पत्रकारावरील टीकेहून मुळातच वेगळे असते. कारण मुंबईत बातमीचा विषय झालेला मनुष्य आणि बातमी लिहिणारा यांची पुन्हा गाठ पडेलच असे नाही, परंतु शेगाव, मोताळा किंवा देऊळगाव राजा येथे आज तावातावाने जाब विचारणारा मनुष्यच उद्याच्या बातमीचा स्रोत, अंकाचा वर्गणीदार आणि पुष्कळदा नात्यातला पाहुणाही असतो. त्यामुळे टीका सोसावी कशी यापेक्षा ती तपासावी कशी, हा प्रश्न त्याच्यापुढे अधिक निकडीचा असतो.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा जानेवारी 2025 मध्ये झाली. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत स्त्री-पुरुषांचे व मुलांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज सुटे, मग नुसता हात फिरवला तरी केसांचा पुंजका हाती येई आणि काही दिवसांतच टक्कल पडे. हा प्रदेश पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा, म्हणजे जेथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असते अशा पट्ट्याचा असल्याने पहिला संशय पाण्यावर गेला, तपासणीत नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळले, बुरशीच्या संसर्गाचीही चर्चा झाली, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक तपासात उतरले तरी निश्चित कारण सापडले नव्हते. मथळ्यांत मात्र ‘टक्कल व्हायरस’ हे नाव एव्हाना पक्के झाले होते. विषाणूचा पुरावा तेव्हाही नव्हता. पुढे फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने व रेशनचा गहू तपासून सेलेनियमकडे, म्हणजे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणाऱ्या पण मात्रा वाढल्यास विषारी ठरणाऱ्या मूलद्रव्याकडे बोट दाखविले. तोवर बाधित गावांतील अनेकांनी लाजेखातर उरलेले केसही काढून टाकले होते.

वार्ताहराविरुद्धचे आक्षेप सामान्यतः बातमीतील तथ्यावर, तिच्या मांडणीवर किंवा बातमीदाराच्या हेतूवर असतात, आणि या प्रकरणात हे तिन्ही वेगळे करून पाहता येतात. केस गळत होते, रुग्णसंख्या आरोग्य विभागाच्या नोंदींतून येत होती, म्हणून तथ्याच्या बाजूने बातमीदार सुरक्षित होता. आणि नेमक्या याच सुरक्षिततेमुळे मांडणीवरचा आक्षेप त्याला ऐकू येत नाही. ‘बातमी खोटी आहे का, सांगा’ असा प्रतिप्रश्न करून तो मोकळा होतो. परंतु संसर्गाचे सूचन करणारे नाव एखाद्या गावाला चिकटले, म्हणजे त्या गावची मुले महाविद्यालयात कशी जाणार, तेथील मुलीचे लग्न कसे जुळणार, हे प्रश्न बातमीच्या सत्यतेने सुटत नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते मांडणीवरचा आक्षेप हा तिन्हींपैकी सर्वाधिक वेळा रास्त असतो आणि सर्वांत कमी वेळा मान्य केला जातो.

यावर ‘मथळा डेस्कवर दिला गेला’ हे उत्तर ठरलेले आहे. डेस्क म्हणजे उपसंपादक बातम्या तपासून मथळे देतात तो विभाग, आणि हे उत्तर बहुधा खरेही असते. तथापि गावाला डेस्क दिसत नाही, दिसतो तो वार्ताहर. म्हणून बातमीसोबतच मथळा सुचवावा, कारण निश्चित झालेले नसल्यास तसे वेगळ्या ओळीत उपसंपादकास लिहून कळवावे, आणि तरीही चुकीचा मथळा लागल्यास दुसऱ्या दिवशीच्या पाठपुराव्यात पहिल्याच वाक्यात ते निस्तरावे. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दिलेला खुलासा ज्याचे नुकसान झाले त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

हेतूवरचा आरोप, म्हणजे ‘पाकीट घेतले’, ‘सुपारी घेऊन बातमी लावली’ हा, मात्र छापील उत्तराने कधीच मिटत नाही. तालुका वार्ताहरास दिवाळी, प्रजासत्ताक दिन आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस यांच्या जाहिराती गोळा कराव्या लागतात, आणि ज्याच्याकडे काल जाहिरात मागितली त्याच्याविषयी आज बातमी आली की संशयाला आयते कारण मिळते. ज्या व्यक्तीविषयी वा संस्थेविषयी बातमी हाती आहे, तिच्याशी ती प्रसिद्ध होऊन प्रकरण निवळेपर्यंत जाहिरातीचा शब्दही काढू नये, हाच यावरचा खरा इलाज होय.

तथ्यावरचा आक्षेप आला तर कागद पाहावा, आवाज चढवू नये. 1882 साली कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध टिळक व आगरकर यांच्या वृत्तपत्रांनी छापलेली पत्रे बनावट ठरली, दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही त्यांना 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. ज्या बाजूविषयी सहानुभूती वाटते त्या बाजूने आणून दिलेली झेरॉक्स प्रत तालुक्यातही रोज येते, आणि मूळ कागद पाहिल्याखेरीज ती छापणे आजही तितकेच धोक्याचे आहे; भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली अब्रुनुकसानीस दोन वर्षांपर्यंतची साधी कैद होऊ शकते.

काही विषयांत रोष दोन्हीकडून येतो. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय तृतीयेला शेतात घट मांडून, धान्ये, मातीची ढेकळे, पाण्याची घागर, करंजी, विडा इत्यादींच्या रात्रभरातील स्थितीवरून पहाटे पीक-पाण्याचे भाकीत सांगितले जाते. ते छापले तर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नाराज, त्याला वैज्ञानिक आधार नाही असे लिहिले तर श्रद्धाळू शेतकरी नाराज. दोघेही रागावले म्हणजे बातमी समतोल झाली, असा निष्कर्ष येथे काढला जातो आणि तो चुकीचा आहे. पेरणीचा निर्णय घेणाऱ्यास हवामान विभागाचा अंदाज आणि मागील वर्षीच्या भाकिताचे काय झाले हे त्याच बातमीत मिळाले की नाही, एवढेच पाहिले पाहिजे.

टीका आणि हल्ला यांतील सीमारेषाही स्पष्ट ठेवावी. पत्रकारांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला, पण चौकात चार कटू शब्द ऐकविणाऱ्यावर त्याचा धाक दाखविणे हा त्या संरक्षणाचा गैरवापर होय. नाराज वाचकास आधी संपादकास लेखी कळवून मग भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे, म्हणजे वृत्तपत्रांच्या आचरणाविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैधानिक संस्थेकडे, जाता येते. हा मार्ग वार्ताहराने स्वतःहून त्याला सांगावा. एप्रिल 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील त्याच बाधित गावांत नखे गळण्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि बातमीदारांना पुन्हा त्याच उंबरठ्यांवर जावे लागले. जानेवारीतले गाऱ्हाणे ज्याने उभ्या उभ्या झटकले होते, त्याला तेथे हात पुढे करून कोणी नखे दाखवावीत, अशी अपेक्षा त्याने कोणत्या आधारावर करावी?