डिटेक्टर सारखा का वाजतो?

प्रश्न : तळोज्यात घरामागच्या मोकळ्या जागेत मेटल डिटेक्टर फिरवतो, तर तो थांबतच नाही. बिघडलाय का?

उत्तर : बहुधा नाही. एमआयडीसीच्या आसपासच्या भरावात सळ्यांचे तुकडे, खिळे, बांधणीची तार हमखास सापडते; त्यात आपली बेसाल्टची माती लोहयुक्त. आधी सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणा. मग धातू नसलेल्या जागी कॉइल वीतभर वर-खाली करत आवाज स्थिर होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स लावा. डिस्क्रिमिनेशन खिळे गाळण्यापुरतंच ठेवा. लोभानं वाढवलंत, तर अॅल्युमिनियम फॉइलच्या कचऱ्याबरोबर सोन्याची नाजूक अंगठीही गळेल. आणि हो, 1878च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहाच रुपये!