सोडा वाट बघत नाही

राजा, तू ओव्हन घेतलास आणि पहिल्याच आठवड्यात घरचा ब्रेड करायचं ठरवलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. यीस्ट फुलवत बसायला तुला वेळ नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून तुला मेथी, गाजर, कांदा घातलेला तिखटमिठाचा झटपट ब्रेड सांगते. यात फुगवायचं काम खायचा सोडा आणि बेकिंग पावडर करतात. एकच गोष्ट मनात पक्की कर: यीस्टचं पीठ तुझ्यासाठी थांबतं, सोड्याचं थांबत नाही. दह्याला भेटल्या क्षणी तो कामाला लागतो. म्हणून या ब्रेडचं निम्मं यश पीठ भिजवण्याआधीच ठरतं, आणि माझे निम्मे कानमंत्रही तिथलेच आहेत.

आधी माप लिहून घे. कणीक १ कप, मैदा १ कप, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ १ छोटा चमचा, साखर १ छोटा चमचा. दही १ कप, दूध पाव ते अर्धा कप, तेल कपाचा तिसरा भाग, म्हणजे साधारण ८० मिली. चिरलेल्या, किसलेल्या भाज्या सगळ्या मिळून दीड कप. ओव्हन १८० अंशांवर, वेळ ४५ ते ५० मिनिटं.

पीठ भिजवण्याआधी

१. सगळ्यात आधी ओव्हन लाव, मग भाजी चिरायला घे — छोट्या ओटीजीलाही नीट तापायला १० ते १५ मिनिटं लागतात आणि थंड ओव्हनमध्ये ब्रेड वर चढण्याआधीच त्यातला वायू निघून जातो. आधी भट्टी तापे, मग पीठ भिजे.

२. ब्रेडच्या डब्याला तेल लावून तळाला बटर पेपर घालून ठेव, कागदाची दोन टोकं बाहेर राहू देत — ती धरून अख्खा ब्रेड अलगद वर उचलता येतो.

३. मापाचा कप २४० मिलीचा घे आणि पीठ चमच्याने भरून वरून सुरीने सपाट कर — कप थेट पिठाच्या डब्यात खुपसलास की पीठ दाबलं जातं आणि कपामागे २०-३० ग्रॅम जास्त येतं.

४. बेकिंग पावडर जुनी असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाकून बघ, सोड्यावर लिंबाचे दोन थेंब पिळ — फसफसलं तर जिवंत, गप्प राहिलं तर ब्रेडही गप्पच राहणार.

५. पावडरचा लहानच डबा आण आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, ओला चमचा तर कधीच घालू नकोस — आपल्या पावसाळ्यातली दमट हवा तिची ताकद डब्यातच संपवते.

६. सोडा अंदाजाने घालू नकोस, चमचा सपाट करून मोज — दह्याच्या आंबटपणाला पुरेल त्याहून जास्त पडला तर साबणासारखी चव उरते. सोडा चिमटीत शहाणा, मुठीत वेडा.

७. दही दोन दिवसांचं, थोडं आंबट घे, आणि नसेलच तर कपभर दुधात मोठा चमचाभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेव — सोड्याला आंबट जोडीदार मिळाला नाही तर तो नीट फुगवत नाही.

८. दही, दूध फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढ — गार मिश्रणाला तापायला वेळ लागतो, तोवर कडा कोरड्या पडतात आणि मधला भाग कच्चाच राहतो.

भाज्या आणि पानं

९. मेथी आधी धू, कापडावर पसरून कोरडी कर, मगच चिर — चिरल्यावर धुतलेली पानं पाणी धरून बसतात आणि स्वाद त्या पाण्याबरोबर जातो.

१०. चिरलेल्या मेथीला चिमूटभर मीठ चोळून दहा मिनिटांनी पिळून घे — कडवटपणाही उतरतो आणि पाणीही सुटतं. पिळली नाही मेथी, तर ब्रेडची माती.

११. दुधी, काकडी किंवा झुकिनी किसलीस तर मुठीत घट्ट दाब, आणि ते पाणी फेकू नकोस, दुधाच्या जागी घाल — पाण्याचा हिशेब आपल्या हातात राहतो, भाजीच्या मर्जीवर नाही.

१२. पालक तव्यावर मिनिटभर नुसता मऊ करून, गार करून, पिळून चिर — कच्चा पालक भाजताना पाणी सोडतो आणि त्याच्याभोवती चिकट खळगा होतो.

१३. कांदा आणि लसूण थोड्या तेलात गुलाबी परत, पण पूर्ण गार झाल्याशिवाय पिठात घालू नकोस — कच्चा कांदा ब्रेडमध्ये उग्र लागतो, आणि गरम कांद्याने बेकिंग पावडरचं काम भांड्यातच सुरू होतं.

१४. गाजर मध्यम किसणीवर कीस, सिमला मिरची मटारच्या दाण्याएवढी चिर — मोठे तुकडे जड होऊन तळाशी बसतात आणि काप करताना ब्रेड तिथेच फुटतो.

१५. टोमॅटो घालायचा तर बिया आणि आतला गर काढून नुसता बाहेरचा मांसल भाग घे. फ्रोझन मटार असतील तर वितळवून पुसून घाल — दोघंही न सांगता पाणी आणतात.

१६. भाज्या दीड कपाच्या वर नेऊ नकोस, प्रेम कितीही असलं तरी — पिठाला त्यांचं वजन पेलायचं असतं, आणि भार वाढला की ब्रेड मधोमध खचतो.

१७. भाज्या पिठात घालण्याआधी कोरड्या मिश्रणातलंच चमचाभर पीठ त्यांच्यावर भुरभुरून हलव — तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत आणि सगळीकडे सारखे पसरतात.

१८. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या पानांबरोबरच बारीक चिर — भट्टीच्या उष्णतेत पानांचा वास लवकर उडतो, काड्यांचा टिकतो.

१९. ताजी पानं मोठा चमचाभर सांगितली असतील आणि घरी वाळलेली असतील तर छोटा चमचाच घे, आणि कसुरी मेथी तळहातावर चुरून घाल — वाळल्यावर पानांचा स्वाद एकवटतो आणि चोळल्यावर तो जागा होतो.

२०. शेपू, पुदिना, तुळस, रोझमेरी यांतलं एका वेळी एकच मुख्य ठेव, जोडीला ओवा किंवा जिरं पुरे — सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही.

२१. हळद फार कमी घाल आणि सोडा चाळूनच घे — सोड्याची गुठळी राहिली तर हळद तिथे लाल होते आणि ब्रेडवर ठिपके उमटतात. आपल्या ढोकळ्यावरही ते याच कारणाने येतात.

२२. जांभळा कोबी या ब्रेडसाठी नको — सोड्याच्या संगतीत तो निळसर होतो. खायला अपाय नाही, पण पाहुणा हात मागे घेतो.

दोन वाडगे, एक भेट

२३. कणीक, मैदा, सोडा, पावडर, मीठ एकत्र दोनदा चाळ — सोडा सगळीकडे सारखा पोचला तरच ब्रेड सगळीकडे सारखा फुगतो.

२४. नुसत्या कणकेचा करायचा असेल तर दूध दोन-तीन मोठे चमचे वाढव — चक्कीवर दळलेली कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते.

२५. दही, दूध, तेल वेगळ्या वाडग्यात आधी एकजीव घुसळून ठेव — दोन्ही वाडगे भेटल्यावर मग घुसळायची गरजच उरत नाही.

२६. चीज घालणार असशील तर ५० ग्रॅम किसून घाल आणि मीठ निम्मं कर — चीजमध्ये मीठ असतंच, आणि तिखटमिठाचा ब्रेड खारट झाला तर त्यावर उपाय नाही.

२७. ओव्हन तापला, डबा तयार, भाज्या गार, हे तिन्ही बघूनच ओलं मिश्रण कोरड्यात ओत — इथून पुढे सोड्याचं घड्याळ चालतं, तुझं नाही.

२८. उलथण्याने तळातून वर दुमडत पंधरा-वीस वेळाच फिरव, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांब. लहान गुठळ्या राहू देत — जास्त ढवळल्याने गव्हातलं ग्लुटेन ताणलं जातं, ब्रेड चिवट होतो आणि आत लांब बोगदे पडतात. ढवळशील फार, तर चावशील फार.

२९. मिश्रण चमच्यावरून सावकाश, गोळ्याने पडलं पाहिजे. धार लागली तर चमचाभर पीठ, हललंच नाही तर चमचाभर दूध — पातळ मिश्रण फुगून खाली बसतं, घट्ट मिश्रण फुगतच नाही.

३०. बेकिंग पावडरऐवजी फ्रूट सॉल्ट वापरायचं असेल तर ते अगदी शेवटी घाल आणि लगेच डबा ओव्हनमध्ये ठेव — ते सगळा वायू एकदमच सोडतं, बहुतेक बेकिंग पावडर मात्र थोडा ओली झाल्यावर आणि उरलेला तापल्यावर सोडते.

३१. या घडीला फोन वाजला तर वाजू दे — दहा मिनिटांनी परत करता येतो, निघून गेलेला वायू परत आणता येत नाही.

भट्टीत

३२. डबा दोन-तृतीयांशच भर आणि वर तीळ लावून मधोमध ओल्या सुरीने एक लांब रेघ मार — ब्रेड फुटणारच असतो, रेघ दिली की नीट जागी फुटतो. आयर्लंडमध्ये सोडा-ब्रेडवर फुलीची खोल चीर देतात, तिनेही उष्णता गोळ्याच्या पोटापर्यंत पोचते.

३३. डबा मधल्या कप्प्यात ठेव, दोन्ही रॉड चालू — वरच्या रॉडजवळ गेला की पाठ करपते आणि पोट कच्चं राहतं.

३४. पहिली तीस मिनिटं दार उघडू नकोस, काचेतून बघ — ब्रेडचा सांगाडा तेव्हा घट्ट व्हायचा असतो, आणि गार झोत लागला की तो खचतो. दार उघडलं दहादा, ब्रेड बसला एकदा.

३५. तीस मिनिटांनंतर वरचा रंग पुढे पळत असेल तर फॉइल सैल झाक, तापमान कमी करू नकोस — रंग वरचा असतो, शिजायचं आतून असतं.

३६. पंचेचाळीस मिनिटांनी मधोमध सळई किंवा टूथपिक खुपसून बघ, आणि भाजीचा ओलावा लागला तर दुसरी जागा बघ — ओल्या गाजराला कच्चं पीठ समजून ब्रेड वाळवणं सोपं असतं. थर्मामीटर असेल तर आत ९३ ते ९६ अंश म्हणजे झाला.

३७. कुणा मैत्रिणीकडे ओव्हन नसेल तर तिला कुकर सांग: शिटी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून, त्यावर स्टँड, दहा मिनिटं तापवून गोल डबा आत, आच मंद, पाणी मात्र अजिबात नको — पाणी घातलं की ब्रेड भाजत नाही, वाफवतो.

भट्टीबाहेर

३८. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं डब्यात ठेव, मग जाळीवर काढ — लगेच काढला तर मोडतो, डब्यातच विसरला तर स्वतःच्या वाफेने बुड ओलं होतं.

३९. निदान पाऊण तास तरी कापू नकोस, वास कितीही बोलावू दे — आतला स्टार्च गार होतानाच स्थिरावतो. घाईची सुरी, ब्रेडची चुरी.

४०. दातेरी सुरी घे आणि दाब न देता मागे-पुढे चालव — यात यीस्टच्या पावाची लवचीक जाळी नसते, दाबलं की भुगा होतो.

४१. पहिला दिवस बाहेर, नंतर फ्रीजमध्ये तीन दिवसांपर्यंत. त्याहून ठेवायचा तर काप करून मध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये — ओल्या भाज्यांमुळे हा ब्रेड साध्या पावापेक्षा लवकर बिघडतो.

४२. दुसऱ्या दिवशी काप तव्यावर थोड्या तुपात दोन्ही बाजूंनी खरपूस कर — फ्रीजमध्ये ब्रेड कडक होतो, आणि उष्णतेने पुन्हा मऊ पडतो.

४३. ओट्याजवळ एक वही ठेव: किती वेळ, कुठला कप्पा, दही किती आंबट — प्रत्येक ओव्हनचा स्वभाव वेगळा असतो आणि तुझ्या ओव्हनचा तुलाच शिकावा लागणार.

४४. पुढच्या वेळी एकच गोष्ट बदल, भाजी किंवा पीठ किंवा वेळ — तीन बदललीस तर चांगलं कशाने झालं ते कळत नाही आणि वाईट कशाने झालं तेही नाही.

अजून एक सांगते, राजा. गोव्यातले पोदेर, म्हणजे पाववाले, एके काळी माडाच्या सुरेने पाव आंबवत, आणि त्याला निवांत वेळ द्यावा लागे. तो पाव आपल्या जागी थोरच आहे. पण १८४३ साली बर्मिंगहॅममधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने बेकिंग पावडर बनवली, ती बायकोला यीस्ट सोसत नव्हतं म्हणून. हा ब्रेड मला आवडतो तो त्यासाठीही. एका माणसाच्या ताटात काय चालतं याचा विचार करूनच ती पावडर घराघरांत आली. तेव्हा करताना विचार, घरात कुणाला काय चालत नाही. मैदा नको असलेल्याला कणकेचा, कांदा न खाणाऱ्याला शेपूचा, दात नसलेल्या आजोबांना तीळ न लावता. आणि अख्खा डबा तीन दिवसांत संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी अर्धा शेजारी दे — ताजा दिलेला अर्धा, शिळ्या उरलेल्या अख्ख्यापेक्षा मोठा.