आजोबांची औषधांची पिशवी

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी इथे इंग्लंडमध्ये वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी तिची क्लिनिकल प्लेसमेंट आमच्या गावच्या इस्पितळात लागली, म्हणून सहा आठवडे ती आमच्याकडेच होती. त्याच सुमारास सांगलीहून बाबाही आले होते.

पहिल्याच आठवड्यात बाईसाहेब चिडून घरी आल्या. "मामा, मला डॉक्टर व्हायचंय, आणि उद्या दिवसभर फार्मासिस्टच्या मागे फिरायचंय!" पुढे फिजिओथेरपिस्ट आणि वॉर्डातल्या नर्स यांचेही दिवस ठरलेले होते. आरोग्यक्षेत्रातल्या वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांकडून शिकावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्येच सांगितले आहे. विसाव्या वर्षी ते पटणे कठीण!

दुसऱ्या दिवशी सूर बदलला. "कोणती औषधे घेता?" असे विचारले की लोक फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेली सांगतात, हे फार्मासिस्टबाईंनी तिला रुग्णांच्या खाटेपाशीच दाखवले. म्हणून एकेक विचारायचे: दुकानातून आणलेल्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, मलम, इनहेलर, काढे, चूर्ण. जमल्यास घरची पिशवीच मागवायची. (आमच्या धंद्यातही "मी काहीच बदललं नाही" म्हणणाऱ्याचा संगणक स्वतः उघडून पाहावा लागतो.)

बाबांचे पाय सुजत होते. आम्ही ते लांबच्या विमानप्रवासावर ढकलले होते. त्या रात्री जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आजोबा, तुमची पिशवी आणा बरं." पिशवी टेबलावर उपडी झाली. रक्तदाबाच्या एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही दोन औषधे होती. ती आम्हाला ठाऊक होती. पण खाली गुडघेदुखीच्या गोळ्यांची पाकिटे निघाली. त्यांत आयबुप्रोफेन. दिवसाला तीन! "ते काही औषध नव्हे, दुखलं की घेतो," बाबा म्हणाले.

यातली गोम तिने पाण्याच्या नळाच्या भाषेत समजावली. आयबुप्रोफेनमुळे मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी आकसते, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी सैल होते, आणि लघवी वाढवणारे तिसरे औषध शरीरातले पाणीच कमी करते. तिन्ही एकत्र आली की गाळणीतला दाब पडतो. जुलाब-उलट्या झाल्या तर धोका आणखी वाढतो.

तिने स्वतः काही बंद केले नाही, दुसऱ्या दिवशी जीपींना दाखवायला लावले. रक्तात क्रिएटिनिन वाढलेले निघाले. जीपींनी आयबुप्रोफेन थांबवले, रक्तदाबाची गोळी तपासून पुन्हा ठरवून दिली. तीन आठवड्यांनी आकडा बराच खाली आला, सूजही ओसरली. आपल्याकडे येणाऱ्या आई-वडिलांच्या पिशवीत असे काही दिसले, तर रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला पाकिटेच नेऊन दाखवा.

खर्चाचेही सांगतो. इंग्लंडमध्ये पाहुण्यांना जीपीकडे तात्पुरते नाव नोंदवता येते आणि तिथल्या तपासणीचे पैसे पडत नाहीत. पण इस्पितळात भरती झाली, तर भारतातून आलेल्या पाहुण्याला साधारणपणे ठरलेल्या दराच्या दीडपट बिल येते. विमा घेताना जुना रक्तदाब लपवला असेल, तर कंपनी ते देईलच असे नाही.

गुडघ्यांचे काय? तेही प्लेसमेंटमध्येच सापडले. फिजिओथेरपिस्टकडून भाची खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम शिकून आली. जीपींना विचारून बाबांनी तो सुरू केला. बातम्या लागल्या की दहा वेळा उठायचे. अकरावी वेळ चहा घ्यायला.