हिरा घेताना विचारायचा दुसरा प्रश्न

हिरा खरा आहे का, एवढा एकच प्रश्न विचारणाऱ्या ग्राहकाला त्याचे प्रामाणिक उत्तर मिळूनही आज त्याचे नुकसान होऊ शकते, कारण प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही कार्बनचाच, नैसर्गिक हिऱ्याच्याच स्फटिकरचनेचा आणि तितकाच कठीण असा खरा हिरा असतो. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकला जाणारा क्यूबिक झिरकोनिया हा पदार्थच निराळा असल्याने त्याची या हिऱ्याशी गल्लत करू नये.

नैसर्गिक हिरे भूपृष्ठाखाली साधारण १५० ते २०० किलोमीटर खोलीवर, बहुतांशी एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी तयार झाले आणि किम्बर्लाइट नावाच्या ज्वालामुखीजन्य खडकाबरोबर वर आले. त्या खोलीवरील प्रचंड दाबाची आणि तापमानाची परिस्थिती यंत्रात निर्माण करण्यात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ट्रेसी हॉल यांना डिसेंबर १९५४ मध्ये यश आले. उच्च दाब आणि उच्च तापमानाच्या या पद्धतीत, वातावरणाच्या सुमारे पन्नास हजार पट दाबाखाली आणि १,३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात ग्रॅफाइट हे लोह, निकेल यांसारख्या वितळलेल्या धातूंत विरघळते आणि त्यातील कार्बन हिऱ्याच्या लहानशा बीजावर साचत जातो. दुसऱ्या, म्हणजे सीव्हीडी पद्धतीत उच्च दाबाची गरजच उरत नाही. निर्वात केलेल्या कक्षात हिऱ्याची पातळ चकती ठेवून त्यात हायड्रोजन आणि थोडा मिथेन सोडतात. सूक्ष्मलहरींच्या ऊर्जेने त्यांचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, होतो. मिथेनमधून सुटलेला कार्बन चकतीवर थरावर थर बसतो आणि मध्येच तयार होऊ पाहणारे ग्रॅफाइट हायड्रोजन खरवडून टाकतो. कारागिराने पैलू पाडण्याजोगा खडा अशा रीतीने काही आठवड्यांत वाढतो, आणि ही मानवी बुद्धीची मोठीच करामत मानली पाहिजे.

वाढीच्या या फरकाच्या खुणा खड्यात राहतात, पण त्या डोळ्यांना किंवा दुकानातील भिंगाला सहसा दिसत नाहीत. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू प्रदीर्घ काळात एकत्र येऊन त्यांचे पुंजके झालेले असतात, तर सीव्हीडी हिऱ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. अर्थात गोवळकोंड्याच्या प्रसिद्ध हिऱ्यांप्रमाणे काही नैसर्गिक हिरेही नायट्रोजनविरहित असतात, त्यामुळे अंतिम निर्णयासाठी वर्णपटाची आणि अतिनील प्रकाशात दिसणाऱ्या वाढीच्या आकृतींची तपासणी करावी लागते. दुकानात खड्यावर टेकवली जाणारी पेनासारखी उपकरणे मुख्यतः उष्णतावहन मोजतात आणि ते दोन्ही हिऱ्यांत सारखेच उत्तम असते.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका कुटुंबाला हीच गोष्ट महाग पडली. लग्नासाठी घेतलेल्या अंगठीचा खडा दुकानात अशाच उपकरणाने तपासून ‘अस्सल हिरा’ म्हणून दाखवण्यात आला, किंमत नैसर्गिक हिऱ्याची घेण्यात आली आणि बिलावर केवळ ‘डायमंड रिंग’ एवढीच नोंद झाली. पुढे अंगठी मोडायची वेळ आली तेव्हा दुसऱ्या सराफाने खडा प्रयोगशाळेत पाठवला, तो सीव्हीडी असल्याचे निष्पन्न झाले आणि हाती फक्त सोन्याची किंमत आली. विक्रेत्याने उच्चारलेले वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ही फसवणूक अधिक संतापजनक आहे.

प्रयोगशाळेतील हिरा नैसर्गिकाहून कितीतरी स्वस्त असतो आणि या तफावतीचे कारण उत्पादनात आहे: यंत्रे वाढली की पुरवठा वाढतो आणि भाव उतरतो. डी बीअर्स कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स या नाममुद्रेखाली असे हिरे कॅरटला ८०० डॉलर अशा सरसकट दराने विकायला काढले, आणि भाव कोसळत गेल्यावर २०२५ मध्ये तो व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. नैसर्गिक हिराही विकताना खरेदीची किंमत क्वचितच परत देतो; मात्र प्रयोगशाळेतील हिरा अनेक सराफ मुळीच परत घेत नाहीत. तो हौसेने, उघड्या डोळ्यांनी आणि त्याच्या योग्य किमतीत घेण्यात काहीच गैर नाही.

म्हणून खरेदीदाराने हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेत वाढवलेला, हा दुसरा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर बिलावरच लिहून घ्यावे. परत घेण्याची अटही वजावटीच्या टक्क्यांसह लेखी असावी. २०१५ च्या आयएसओ १८३२३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार विशेषणाविना ‘डायमंड’ हा शब्द नैसर्गिक हिऱ्यासाठीच राखलेला आहे, तरी विवाद झाल्यास स्पष्ट नोंदच ग्राहकाच्या बाजूने उभी राहते. हिऱ्यासोबत मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा क्रमांक त्याच्या गर्डलवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतात त्या कडेवर, अनेकदा लेझरने कोरलेला असतो. परंतु नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेतील खड्यावर कोरल्याची प्रकरणे उघडकीस आलेली असल्याने, वजन आणि मापेही प्रमाणपत्राशी ताडून पाहावीत. मधल्या मोठ्या खड्याभोवती जडवलेल्या बारीक हिऱ्यांना बहुधा स्वतंत्र प्रमाणपत्र नसते, तेव्हा त्यांचे मूळ आणि एकूण वजनही बिलावर वेगळे नोंदवून घ्यावे.